माध्यमिक शाळेत नव्याने आलेल्या मुलांसाठी डिझाइन आणि तंत्रज्ञान: पहिल्या सत्राची आखणी

प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत आलेल्या मुलांची हाताने काम करण्याची तयारी सारखी नसते. काहींनी घरी स्क्रू पिळलेले आणि खिळे ठोकलेले असतात, तर काहींनी करवत फक्त चित्रात पाहिलेली असते. कोणाला चित्र काढण्याचा आत्मविश्वास असतो आणि मोजपट्टी धरता येत नाही, तर कोणाचे याच्या अगदी उलट असते. या सगळ्यांना एका पातळीवर आणण्याचा सोयीचा मार्ग म्हणून पहिल्या सत्रात सगळ्यांकडून एकच वस्तू, एकाच मापाची, शिक्षकाने आखून दिलेल्या साच्यावरून करून घेतली जाते. सत्र संपताना तीस मुलांच्या हातात तीस सारख्या वस्तू असतात आणि पालकही खूश होतात. मात्र अशा कामात मुलाने एकही निर्णय घेतलेला नसतो, त्यामुळे त्याला हातकाम म्हणता येईल, डिझाइन म्हणता येणार नाही.

पहिल्या सत्रात दोनच गोष्टी पक्क्या कराव्यात. एक, अचूक मोजून आखणे. आणि दोन, आपण जे ठरवले ते खरे ठरले का हे वस्तूवरच तपासून पाहणे. बाकीची हत्यारे, साहित्य, रेखाटनाच्या पद्धती आणि संगणक हे सारे या दोन सवयींच्या मागून येऊ द्यावे. त्यासाठी वस्तू अशी निवडावी, की तिच्यात चूक लपणार नाही आणि ती चूक मुलाला शिक्षकाने सांगण्याआधी स्वतःलाच दिसेल.

कोणती वस्तू निवडावी

या कसोटीला उतरणारी एक वस्तू म्हणजे सहा मिलिमीटर प्लायवूडच्या दोन तुकड्यांचा, खाचेत खाच बसवून उभा राहणारा, लहान पुस्तक टेकवण्याचा स्टँड. दोन्ही तुकड्यांची बाह्याकृती एकच असते आणि ती बाजूने पाहिलेल्या खुर्चीसारखी दिसते: पुढे एक छोटा ओठ, त्यामागे पुस्तक टेकण्याची बैठक आणि तिच्यामागे वर चढत जाणारी पाठ. पाठीमागच्या भागात दोन्ही तुकड्यांना एकेक उभी खाच असते. एकाची खाच वरून खाली येते आणि दुसऱ्याची खालून वर जाते. त्या एकमेकींत सरकवल्या की दोन्ही तुकडे काटकोनात अडकतात आणि वरून पाहिल्यास फुलीचा आकार दिसतो. खिळा, स्क्रू किंवा सरस यांपैकी कशाचीच गरज पडत नाही.

या वस्तूचे मोल असे, की सरस नसल्यामुळे सैल सांधा भरून काढता येत नाही. खाच रुंद झाली तर स्टँड डुलतो आणि अरुंद झाली तर बसतच नाही. दोन्ही खाचा एकाच बाजूने कापल्या तर तुकडे एकमेकांत जाऊच शकत नाहीत, आणि प्रत्येक वर्गात दोघे-तिघे हे करतातच. त्यांना आधी थांबवू नये, पण ती चूक प्लायवूडवर नव्हे, पुठ्ठ्यावर व्हावी एवढी काळजी घ्यावी.

मुलाच्या निर्णयासाठी मोकळे काय ठेवायचे हे शिक्षकाने आधीच ठरवावे. सांध्याची पद्धत आणि साहित्य सगळ्यांना समान असावे; बाह्याकृती, उंची, पाठीचा कल आणि स्टँड कोणासाठी आहे हे मुलाने ठरवावे. सगळेच मोकळे सोडले तर अकरा-बारा वर्षांचे मूल गोंधळते, आणि काहीच मोकळे सोडले नाही तर ते कंटाळते.

गरज शब्दांत मांडणे

पहिल्या तासाला हत्यारांना हात लावू देऊ नये. मुलांनी वेगवेगळ्या आकारांची पुस्तके टेबलावर मांडावीत, त्यांची जाडी, उंची आणि वजन मोजावे आणि स्टँड वापरणार असलेल्या एका व्यक्तीला चार प्रश्न विचारून यावे. वाचताना ती व्यक्ती कुठे बसते, पुस्तक किती उघडे ठेवते, चष्मा लावते का, स्टँड उचलून ठेवावा लागतो का, असे साधे प्रश्न पुरेसे असतात. त्यातून अपेक्षांची यादी तयार करायची, आणि यादीतील प्रत्येक वाक्याला ‘हे तपासणार कसे?’ हा एकच प्रश्न लावायचा.

‘स्टँड छान दिसावा’ किंवा ‘मजबूत असावा’ ही वाक्ये इथे गळून पडतात. त्यांच्या जागी ‘तीनशे ग्रॅमचे पुस्तक ठेवल्यावर मागे कलंडू नये’, ‘वीस मिलिमीटर जाडीचे पुस्तक बैठकीत बसावे’, ‘हात फिरवल्यावर कुठेही कुसळ टोचू नये’ अशी वाक्ये येतात. अशी पाच वाक्ये जमली की पुरे. पंधरा वाक्यांची यादी वहीत शोभून दिसते, पण शेवटी तिच्याकडे कोणी परत पाहत नाही.

रेखाटन: जलद आणि खोडरबराविना

कल्पना सुचवण्याच्या तासाला पेन्सिल बाजूला ठेवून पेनने काढायला सांगावे. पेन्सिल हातात असली की मूल पहिलीच रेघ सात वेळा खोडते आणि तास संपताना कागदावर एकच नीटस चित्र उरते. पेनने दहा मिनिटांत सहा आकृत्या काढा, वाईट आल्या तरी चालतील, असे सांगितले की चौथ्या आकृतीनंतर खरी विविधता दिसू लागते. पहिल्या कल्पनेला चिकटून बसण्याची ओढ मोठ्यांनाही असते. ती सोडवण्यासाठी कागद शेजाऱ्याकडे द्यावा आणि त्याने एका आकृतीत एकच बदल करून तो परत करावा. प्रत्येक आकृतीशेजारी ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देणारे एक वाक्य लिहायला लावावे. ‘ही पाठ आहे’ असे लिहिण्यात अर्थ नाही. ‘पाठ उंच केली, कारण पुस्तक वरून वाकत होते’ या वाक्यात विचार आहे.

निवडलेली कल्पना आयसोमेट्रिक पद्धतीने, म्हणजे वस्तूच्या तिन्ही बाजू एकाच चित्रात दिसतील अशी, काढायची असेल तर ठिपक्यांचा किंवा त्रिकोणी जाळीचा कागद द्यावा. उभ्या कडा उभ्याच राहतात आणि बाकीच्या दोन दिशांच्या कडा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करतात, एवढा नियम मुलांना पुरतो. आधी वस्तू मावेल असे पोकळ खोके फिकट रेषांनी काढावे आणि मग त्यातून नको तो भाग वजा करावा. मोजमापांचे रेखाचित्र मात्र सपाट, समोरून दिसणारे असावे, मापे मिलिमीटरमध्ये असावीत आणि ती वस्तूच्या आकृतीबाहेर, टोकांना बाण असलेल्या बारीक रेषांवर लिहावीत.

पुठ्ठ्याचा नमुना

हा टप्पा वेळेअभावी गाळण्याचा मोह फार होतो, पण सत्रातील सगळ्यांत जास्त शिकणे इथेच होते. मुलांनी आपले दोन्ही तुकडे पूर्ण मापात जाड पुठ्ठ्यावर कापावेत, खाचा जोडाव्यात आणि खरे पुस्तक त्यावर ठेवून पाहावे.

तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट समोर येते. कागदावर वीस मिलिमीटर खोल काढलेल्या बैठकीत वीस मिलिमीटर जाडीचे पुस्तक बसत नाही. कारण उघड आहे, पण हातात घेतल्याशिवाय ते दिसत नाही: दोन्ही तुकडे काटकोनात फुलीसारखे उभे असतात, म्हणजे प्रत्येक तुकडा पुस्तकाच्या समोरच्या दिशेशी ४५ अंशांनी तिरका असतो, आणि त्यामुळे तुकड्यावरचे वीस मिलिमीटर पुस्तकाच्या वाट्याला जेमतेम चौदा मिलिमीटर होऊन येतात. पाठीच्या कलाचेही तसेच होते. तुकड्यावर पाठ ६० अंशांत काढली असेल, तर पुस्तक प्रत्यक्षात सुमारे ६८ अंशांत, म्हणजे मुलाने योजल्यापेक्षा अधिक उभे राहते. या वयाच्या मुलांना त्यामागचे त्रिकोणमितीचे गणित सांगण्याची गरज नाही. स्टँडच्या बरोबर वर डोळा नेऊन फुली पाहायला लावावी, दोन्ही अंतरे पट्टीने मोजायला लावावीत आणि नवे माप त्यांचे त्यांनाच काढू द्यावे. दुसरा पुठ्ठा देताना हात आखडता घेऊ नये.

स्थैर्याची चाचणीही पुठ्ठ्यावरच घ्यावी. स्टँड एका फळीवर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचलावे आणि स्टँड कोणत्या कोनात कलंडतो ते कोनमापकाने टिपून घ्यावे. पुस्तकासह स्टँडच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली उभी रेषा पायाच्या टोकांमधून बाहेर पडली की तो कलंडतो, हे या चाचणीतून सहज सांगता येते. पुठ्ठा घसरत असेल तर फळीवर खरखरीत कागद चिकटवावा, नाहीतर चाचणी कलंडण्याची न राहता घसरण्याची होते.

आखणी

प्लायवूड हातात देण्याआधी त्याची रचना दाखवावी. लाकडाच्या पातळ पट्ट्या घेऊन एक रेषांच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, दिशेने आणि एक रेषांना आडवी मोडायला दिली, की लाकूड एका दिशेला किती सहज फाटते ते मुलांना कळते. मग प्लायवूडच्या कडेकडे पाहून थर मोजायला सांगावे. थरांची संख्या सहसा विषम असते आणि प्रत्येक थराचे रेषे शेजारच्या थराला काटकोनात असतात, त्यामुळे प्लायवूड दोन्ही दिशांना टिकते. खाचेजवळचा अरुंद भाग तुटून का पडत नाही, याचे उत्तर त्यातच आहे.

आखणीसाठी पोलादी पट्टी, काटकोन आखण्याचा गुण्या आणि टोकदार पेन्सिल एवढेच लागते. पोलादी पट्टीचे शून्य तिच्या अगदी कडेवर असते, तर प्लॅस्टिकच्या पट्टीवर कडेपासून थोडी जागा सोडून ते सुरू होते. हा फरक न सांगितल्यामुळे कित्येक तुकडे दोन-तीन मिलिमीटरने चुकतात. पट्टी आडवी न ठेवता कडेवर उभी धरावी, म्हणजे आकड्याची रेघ थेट लाकडाला टेकते आणि तिरके पाहिल्यामुळे होणारी चूक टळते. गुण्या वापरताना त्याचा जाड दांडा तुकड्याच्या सरळ कडेला घट्ट दाबून धरलेला असावा. मुले पात्याकडे लक्ष देतात आणि दांडा सुटतो, म्हणून शिक्षकाने फिरताना दांड्याकडे पाहावे.

खाचेचे माप हा या सगळ्या कामाचा गाभा आहे. सहा मिलिमीटर म्हणून विकत घेतलेले प्लायवूड नेमके सहा मिलिमीटर असेलच असे नाही. म्हणून मुलांनी व्हर्नियर कॅलिपरने प्रत्यक्ष जाडी मोजावी, किंवा त्याहून सोपे म्हणजे दुसरा तुकडाच खाचेच्या जागी उभा धरून त्याच्या दोन्ही बाजूंनी पेन्सिल फिरवावी. खाचेची खोली त्या जागच्या उंचीच्या निम्मी असावी. तिथे तुकडा ८० मिलिमीटर उंच असेल तर प्रत्येक खाच ४० मिलिमीटरची होते. काढून टाकायच्या भागावर फुल्या मारायला लावाव्यात. करवतीचे पाते स्वतःची जाडी खाते, त्यामुळे काप नेहमी फुल्यांच्या बाजूला, रेषेला चिकटून, पण रेषा शाबूत ठेवून घ्यायचा असतो. दोन्ही काप रेषेच्या बाहेरून घेतले तर खाच दोन पात्यांच्या जाडीइतकी जास्त रुंद होते आणि सांधा गेलाच म्हणून समजावे.

कापणे आणि सुरक्षितता

सुरक्षेचे नियम पहिल्या तासाला एकत्र वाचून दाखवण्याचा फारसा उपयोग होत नाही. प्रत्येक हत्यार ज्या दिवशी हातात येते त्या दिवशी त्याचे नियम सांगावेत, आणि प्रात्यक्षिक पाच मिनिटांहून लांबवू नये. मुलांना अर्धवर्तुळात, आपल्या हातांची हालचाल दिसेल अशा बाजूला उभे करावे आणि शेवटी एखाद्या मुलाकडून सगळ्या पायऱ्या क्रमाने वदवून घ्याव्यात. डावखुऱ्या मुलांना प्रात्यक्षिक वेगळे करून दाखवावे. काही नियम मात्र रोजचेच असतात: मोकळे केस बांधलेले, ॲप्रनच्या दोऱ्या मागे, बाह्या वर, पाय झाकणारे बूट, आणि कापताना किंवा छिद्र पाडताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा.

खाच कापण्याचा क्रम असा ठेवावा. आधी खाचेच्या बंद टोकाशी टोच्याने खूण करून खाचेच्या रुंदीपेक्षा किंचित लहान छिद्र ड्रिल मशीनवर पाडावे. तुकडा हाताने न धरता क्लॅम्पने टेबलाला बांधावा आणि त्याखाली टाकाऊ लाकडाचा तुकडा ठेवावा, म्हणजे खालच्या थराच्या ढलप्या निघत नाहीत. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालू देऊ नयेत, कारण मोजा अडकला तर हातही ओढला जातो. चकची, म्हणजे ड्रिल पकडून ठेवणाऱ्या भागाची, चावी काढल्याशिवाय मशीन सुरू करू नये. मशीनपाशी एका वेळी एकच मूल असावे, जमिनीवर आखलेल्या रेषेच्या आत दुसऱ्याने पाऊल टाकू नये, आणि मशीनवर असलेल्या मुलाला मागून हाक मारण्याची मनाई शिक्षकांनाही असावी.

त्यानंतर तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, रेषा उभी राहील असा, जबड्यांच्या जास्तीत जास्त जवळ पकडावा; वर फार उंच राहिला तर तो थरथरतो आणि काप फाटका येतो. पाठीला धातूची पट्टी असलेल्या, बारीक दातांच्या करवतीने दोन्ही काप छिद्रापर्यंत न्यावेत. पहिले एक-दोन घाव मागे ओढून खोबण करावी आणि मगच पुढे ढकलावे. करवतीवर जोर देणारे मूल लगेच ओळखू येते: त्याचा खांदा वर चढलेला असतो आणि पाते वाकते. त्याला हात थांबवून तर्जनी करवतीच्या दिशेने सरळ ठेवायला सांगितले, की बहुतेक वेळा मनगट आपोआप सरळ होते. बाह्याकृतीतील वळणे कोपिंग सॉने कापावीत. तिच्या पात्याचे दात सहसा मुठीकडे वळलेले असतात आणि ती ओढताना कापते. पाते उलटे लावले गेले तर ते वारंवार निसटते, म्हणून तासाआधी सगळी पाती तपासून ठेवावीत.

खाचेच्या गोल टोकाला कानशीने चौकोनी आकार द्यावा. कानस पुढे जाताना कापते, परत येताना उचलून घ्यावी. शेवटी ८० क्रमांकापासून सुरुवात करून १२० आणि मग २४० क्रमांकाचा पॉलिश पेपर वरच्या थराच्या रेषांच्या दिशेने फिरवावा. खाचेच्या आतल्या कडांना मात्र पॉलिश पेपर लावू देऊ नये, नाहीतर महत्प्रयासाने साधलेले माप तिथेच सैल होते. भुसा फुंकू नये, ब्रशने गोळा करावा; बारीक धूळ श्वासातून आत जाते.

तासाची शेवटची दहा मिनिटे आवरण्यासाठी राखून ठेवावीत. हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली असेल तर रिकामी जागा लांबूनही दिसते. घंटा होण्याआधी मोजणी झालीच पाहिजे.

तपासणी आणि गुण

सांध्याची कसोटी वर्गासमोरच घ्यावी. दोन्ही तुकडे हातोडीविना, अंगठ्याच्या दाबाने एकमेकांत सरकले पाहिजेत, आणि ज्याची खाच खाली उघडते तो तुकडा उचलून धरल्यावर दुसरा सुटून पडता कामा नये. सैल सांध्यातील फट मोजण्यासाठी साध्या कागदाचे कपटे एकावर एक ठेवून सरकवून पाहावेत आणि किती मावले ते लिहावे. मग सुरुवातीची पाच वाक्ये समोर ठेवून प्रत्येकाची चाचणी घ्यावी, आणि ती वस्तू बनवणाऱ्याने न घेता, ज्याच्यासाठी स्टँड केला त्या व्यक्तीने किंवा दुसऱ्या गटातील मुलाने घ्यावी.

गुण देताना वस्तूच्या देखणेपणाला कमीत कमी वजन द्यावे. पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत काय बदलले आणि कोणत्या चाचणीमुळे बदलले, हे ज्याला मापांसह सांगता येते त्याचा स्टँड थोडा डुलत असला तरी त्याला चांगले गुण मिळायला हवेत. घरून नीट करून आणल्यासारखी दिसणारी, पण मागे एकही नोंद नसलेली वस्तू त्याच्या खालीच राहावी.

शाळेत लेझर कटर असेल तर तो या टप्प्यानंतरच दाखवावा. मुलांनी तोच स्टँड संगणकावर काढून कापला, की त्यांना दिसते की यंत्रही काही थोडे साहित्य खाते. ०.१ ते ०.२ मिलिमीटरइतका काप जळून जातो आणि आकृतीत बरोबर काढलेली खाच किंचित सैल येते. ज्याने हाताने फुल्यांच्या बाजूला काप घेतला आहे त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही, तो स्वतःच खाच थोडी अरुंद काढून पुन्हा कापून पाहतो. लेझरवर पीव्हीसी हे प्लॅस्टिक मात्र कधीही ठेवू नये. ते जळताना क्लोरिनयुक्त विषारी वायू बाहेर पडतात आणि यंत्रही गंजते. साहित्य नेमके कोणते आहे याची खात्री नसलेला प्लॅस्टिकचा तुकडा मुलाने कितीही आग्रह केला तरी बाजूलाच ठेवावा.